गोठ्याच्या भिंतीतली निळी पाहुणी

७ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी परसात रानतुळशीच्या वाळक्या काडीला एक माशी लटकलेली दिसली. पायांनी नव्हे, तोंडाने. काडी जबड्यात पक्की धरलेली, सहाही पाय पोटाशी घेतलेले, अंग हवेत आडवं. मेली असेल असं समजून बोट लावलं, तर तिने एक पाय झटकला. झोपेत आपण पांघरूण झटकतो तसा. बाई झोपल्या होत्या.

अंग काळं, मखमलीचं. त्यावर निळे ठिपके. निळा कुठला, इथे गाडं अडलं. मोरपिशी म्हणावा तर त्याहून उजळ, आकाशी म्हणावा तर त्याहून गडद. संस्कृतात निळ्याला शब्द पुष्कळ. मी सगळे लावून पाहिले, एकही नीट बसेना. आक्काला बोलावलं. तिने चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या लग्नातल्या शालूच्या काठाचा रंग."

"कुठाय तो शालू?"

"तुझी पुस्तकं ठेवायला ट्रंक मोकळी केली तवा मनीला दिला."

वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मला एक कोपरा मिळाला आहे. संपादकांची अट एकच, राजकारण नको. रत्नागिरीत राजकारण वजा केलं की मासे आणि आंबे उरतात, आणि त्यांवर सगळेच लिहितात. तेव्हा माशी. तिच्यासाठीच ही दैनंदिनी.

दैनंदिनीत घरच्यांची ओळख करून द्यायची नसते, पण वार्ताहराची सवय. कोण, कुठे, हे आधी. घर आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, गुणवंतीचं. खाली आरे-वाऱ्याचा किनारा, वर कातळाच्या कडेला आम्ही. मेव्हणे गेले. मुलगी एकच, मनिषा, आरोग्य केंद्रात नर्स. तिचा नवरा खंडू बुरोंडीचा, पिढीजात होडीवाल्यांचा. लग्नानंतर तो इथेच राहायला आला, कारण आक्का एकटी पडली असती.

मीही सध्या इथेच असतो. शहरातली माझी खोली पाडली तेव्हा दुसरी मिळेपर्यंत म्हणून आलो होतो, त्याला अकरा वर्षं झाली. खोल्या मिळणं फार कठीण झालं आहे.

९ सप्टेंबर

फोटो कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या हेतल मॅडमना पाठवला होता. आज त्यांचा फोन आला. त्या इतक्या खूश की मला वाटलं मीच काही शोध लावला.

"सर, ही कोकीळ माशी. थायरियस. तुमच्याकडे मातीची जुनी भिंत आहे का?"

आहे. गुरं विकली तेव्हापासून गोठा रिकामा आहे, आणि त्याची मागची भिंत मातीची. तिच्यात निळ्या पट्ट्यांच्या माश्या बिळं करून राहतात हे मी रोज पाहतो, आणि रोज पाहतो म्हणून कधीच पाहिलं नव्हतं.

मॅडमनी सांगितलं ते असं. पट्टेवाली भिंत कोरते, आत लहान लहान खोल्या करते, प्रत्येकीत पराग आणि मध कालवून ठेवते, त्यावर अंडं घालते, तोंड लिंपून टाकते. ही ठिपकेवाली तिच्यावर पाळत ठेवते. पट्टेवाली बाहेर गेली की आत शिरून आपलं अंडं ठेवते आणि निघून जाते. हिची अळी आधी जन्मते. तिला कोयत्यासारखे जबडे असतात. त्यांनी ती घरच्या अंड्याचा निकाल लावते आणि शिदोरी एकटी खाते. घरमालकीण परत आली आणि गाठ पडली तरी ठिपकेवालीला फारसं भय नाही, कातडी जाड असते.

आमच्या संस्कृतात कोकिळेला परभृत म्हणतात, दुसऱ्याने पोसलेली. हा शब्द मात्र पहिल्या फटक्यात बसला. मला फार बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळभर भिंतीसमोर पाट टाकून बसलो. पट्टेवालीचा आवाज तिच्या अंगापेक्षा मोठा. वांग्याच्या फुलाला मिठी मारून असं गुणगुणते की फूल थरथरतं. मग भिंतीकडे येते, आपलं बीळ बरोबर ओळखते, आत जाते. ठिपकेवाली मात्र गप्प. भिंतीपासून हातभर अंतरावर हवेत तरंगते, चार बिळं हुंगते, आत डोकावते, आणि पट्टेवाली येताना दिसली की शेजारच्या पानावर जाऊन बसते. इतकी सभ्य की तिच्याच घरी आली आहे असं वाटावं.

खंडू आला तो हातात सुतळी घेऊन. माझ्या पाटाला वळसा घालून भिंत मापू लागला. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या.

"काय रे?"

"खोली काढतंय मामा. गोठा पाडून. चिरा सांगितलाय, दिवाळीच्या आत उभी राहील."

मनिषाला पाचवा महिना आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलीला माहेरी आणायचं असतं. आमची तिथेच असल्यामुळे तेवढा प्रवास वाचला. खंडूच्या मनात बाळाला आणि बाळंतिणीला वेगळी खोली आहे. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हाताने बांधणार म्हणाला. खुंट्यांच्या मधे उभं राहून खिडकी कुठे येईल ते त्याने मला दाखवलं. पश्चिमेला. तिथून समुद्र दिसत नाही, पण वारा येतो म्हणे.

मी त्याला भिंतीत कोण राहतं ते समजावलं. पराग, शिदोरी, कोयत्याचे जबडे, सगळं. म्हटलं, आत्ताच यांचा मोसम आहे. भिंत पाडलीस तर मी लिहायचं कशावर? थांब थोडा.

तो भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरा मामा." सुतळी गुंडाळून खिशात घातली. खुंट्या तशाच ठेवल्या.

गुणी माणूस. वाद घालत नाही.

१८ सप्टेंबर

लेख झाला. मनासारखा उतरला. सुरुवात अशी:

"ती घर बांधत नाही. पराग गोळा करत नाही. त्यासाठी अंगावर लागतात ते केससुद्धा तिला नाहीत. दुसरीने भिंत कोरावी, खोली लिंपावी, शिदोरी भरावी, आणि हिने आत जाऊन आपला संसार मांडावा. कोकणात अशा गृहस्थांना आपण घरजावई म्हणतो, आणि त्यांना मात्र निळे ठिपके नसल्यामुळे ओळखणं कठीण जातं."

ठिपक्यांचं वाक्य जेवताना सुचलं. खंडूने बंदरावरून सौंदाळे आणले होते. तो मिरकरवाड्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि येताना हात रिकामा ठेवत नाही. आक्काने कोकमं घालून कालवण केलं होतं. मी दोनदा भात घेतला आणि हात धुऊन लगेच लिहायला बसलो.

मधे खोलीतला पंखा बंद पडला. खंडूला हाक मारली. त्याने स्टुलावर चढून तो उघडला, काहीतरी केलं, लावून दिला. शेवटचा परिच्छेद त्या वाऱ्यावर फारच मोकळा झाला.

वाचून दाखवायला घरात कोणी निवांत नव्हतं. तसाच पाठवला.

२१ सप्टेंबर, रविवार

छापून आला. पुरवणीच्या माणसाने मथळा स्वतःच दिला: 'परसातला घरजावई'. मी दिला होता त्यापेक्षा चांगला आहे. सकाळपासून फोन. सावर्ड्याहून एक निवृत्त हेडमास्तर हसून हसून बोलू शकत नव्हते. नाक्यावरच्या दुकानात गेलो तर अंक संपलेले, दुकानदार म्हणाला, "तुमच्या घरचाच लेख दिसतोय." म्हटलं, घरच्याच भिंतीवरचा.

खंडूने ओटीवर बसून वाचला. संपल्यावर परत पहिल्यापासून वाचला. मग घडी घालून, माझा फोटो वर येईल अशी, टेबलावर ठेवला. लेखकाला याहून काय हवं असतं.

मनिषा आज जेवायला वाढताना बोलली नाही. या दिवसांत बायकांचं असं होतं.

२३ सप्टेंबर

खंडू बुरोंडीला गेला. भावाच्या होडीवर एक माणूस कमी आहे आणि मासळीचे दिवस आहेत, असं आक्काला सांगून गेला. कधी येणार ते सांगितलं नाही. मासळीचं सांगता येत नाहीच.

जाताना खुंट्या उपटून गोठ्यात नीट रचून ठेवल्या आहेत. टापटीप आहे मुलाची.

माश्यांना आता भय नाही. संध्याकाळी रानतुळशीच्या त्याच काडीला तीन ठिपकेवाल्या तोंडाने लटकलेल्या होत्या, एकीखाली एक. मी बराच वेळ उभा होतो. स्वतःची भिंत नाही, बीळ नाही. रात्र काढायला एक वाळकी काडी, आणि ती सुटू नये म्हणून रात्रभर जबडा आवळलेला. लेखात हे घालायचं राहून गेलं.

२७ सप्टेंबर

चार दिवस डाळ-भात. आज वरण-भात. मी सहज विचारलं, मासळी नाही का, तर आक्का म्हणाली, "बंदर काय घरात चालत येणार हाय?"

विहिरीवरचा पंपही बंद पडला. कोणाला सांगायचं ते मला ठाऊक नाही. आजवर कधी सांगावं लागलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार

मनिषाने आज तोंड उघडलं. मी कळशी घेऊन विहिरीवर गेलो होतो, ती मागून आली आणि माझ्या हातातली कळशी काढून घेतली.

"मामा, तो मासळीला नाय गेलेला."

"मग?"

"चार वर्षं ह्या घरात हाय तो. नाक्यावर त्याला काय बोलतात, तुमाला म्हायत नाय? गाडीचा नवा टायर घातलान, तर सासूनं घेतला. वहाणा घेतलान, तर बायकोनं घेतल्या. तो हसतो. घरी येऊन सांगत नाय. आणि आता ता छापून आला. तुमच्या नावानं. ह्याच घरातून."

मी म्हटलं, अगं, तो लेख माशीवर आहे. ती उपमा आहे. उपमेत उपमान आणि उपमेय यांत एकच धर्म समान असावा लागतो, सगळं नव्हे. खंडू कमावतो, त्याला ती लागूच पडत नाही.

"ता नाक्यावर जाऊन सांगा," मनिषा म्हणाली आणि कळशी भरून घेऊन गेली. पाचव्या महिन्यात. मी मागून नुसताच चालत आलो.

लिहिताना मला खंडू एकदाही आठवला नव्हता. हे मी तिला सांगणार होतो, सफाई म्हणून. बरं झालं नाही सांगितलं.

१ ऑक्टोबर

पुढच्या पुरवणीसाठी खुलासा लिहायला घेतला: 'सदर लेखातील उल्लेख कोणाही व्यक्तीस उद्देशून नसून...' आक्काने खांद्यावरून वाचलं. कागद उचलला, चुलीत घातला आणि त्यावर चहा ठेवला.

"आणखी छापू नको," एवढंच म्हणाली.

फोन करून पाहिला. खंडू फार नम्र बोलला. "नाय मामा, राग कशाचा. मासळी बरी हाय. पंपाचा कंडेन्सर गेला असंल, माळ्यावर डब्यात नवा हाय, मनीला सांगा." येतोस कधी विचारलं तर लाट मोठी आहे, ऐकू येत नाही म्हणाला. मागे कोंबडा आरवत होता.

मनिषा फोन करत नाही. ती म्हणते, मी बोलावला तर माझ्यासाठी येईल, परत त्याच घरात मान खाली घालून. आक्का म्हणते, सासूने जायचं म्हणजे गाव बघायला जमेल. मग दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

त्याला परत यावंसं वाटलं नाही तर? जानेवारीत बाळ येईल, त्याचा बाप बुरोंडीला असेल, आणि त्याचं कारण माझ्या कात्रणांच्या फाइलमधे लावलेलं असेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

बुरोंडीहून आत्ता आलो. पाय दुखतात, पण लिहून ठेवतो.

जयगडला फेरीबोट, पलीकडे तवसाळ, मग गुहागर, धोपाव्याला दुसरी फेरीबोट, दाभोळ, आणि तिथून बुरोंडी. वाटेत माझं भाषण तयार केलं. आधी खंडूचा पूर्वपक्ष मांडायचा, त्याला दुखावलं गेलं ते मान्य करायचं. मग एकेक मुद्दा घेऊन उत्तरपक्ष. धोपाव्यापर्यंत चांगलं बांधलं गेलं होतं. दुसऱ्या बोटीवर एका बाईच्या टोपलीतली कोळंबी माझ्या पायावर सांडली आणि तिसरा मुद्दा हरवला.

खंडूचं घर किनाऱ्यालगत. दारात त्याची आई गोदूबाई बोंबील सुकत घालत होती. मला ओळखलं.

"मनीचा मामा ना तू? पेपरात फोटो होता."

म्हणजे इथवर पोचला होता. खंडू जाळ्याच्या ढिगावर बसून त्याचा गुंता सोडवत होता. मला बघून उठला, पाणी आणलं, चहा सांगितला. चेहऱ्यावर काही नाही. उन्हाने काळवंडला होता, एका हाताला दोर लागून सोललं होतं.

मी भाषण सुरू केलं. पूर्वपक्ष संपायच्या आत गोदूबाईने थांबवलं.

"तू समजवायला आलास का बोलवायला?"

"दोन्ही."

"समजावू नको. त्याला समाजतं." ती बोंबील उलटे करत राहिली. "लगीन झाल्यावर पयल्या दिवाळीला जावयाला बोलावणं येतं. गावात सगळ्यांना येतं. कोण मेव्हणा येतो, कोण सासरा येतो. माझ्या धाकट्याला सावर्ड्यासून सासरा घेऊन गेला, रिक्षा करून. ह्याला चार वर्षांत कोण आला नाय. का येल? हा तितंच. ताटावर बसलेल्याला कोण जेवाया बोलावतो?"

"आये, गप," खंडू म्हणाला.

"मी काय खोटा बोलतंय?"

दर दिवाळीला आक्का त्याला कपडे करते, मनिषा उटणं लावते, तो आमच्याबरोबर फराळाला बसतो. कोणी काही कमी केलं नाही. बोलावलं मात्र कोणी नाही. मलाही नाही बोलावलं कधी, पण माझी गोष्ट वेगळी आहे, मी तात्पुरता आहे.

मी म्हटलं, "मग आज बोलावतो."

"असा बसल्या बसल्या?" गोदूबाई म्हणाली. ती आत गेली, फळीवरचा एक नारळ घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "वाटेवर जा. तितनं ये."

मी, वय वर्षं चौपन्न, संस्कृत घेऊन एम.ए., हातात त्यांचाच नारळ घेऊन वाटेवर गेलो. शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. परत आलो. खंडू उभा होता. मागची भिंत नको, लेख नको, मुद्दे नकोत, हे तेवढ्या चार पावलांत माझं मलाच कळलं.

"खंडेराव," मी म्हटलं. त्याला अहो-जाहो मी पहिल्यांदाच करत होतो आणि जीभ अडखळली. "दिवाळीला घरी या. आक्काने बोलावलंय. मनिषाने बोलावलंय. आणि माझा लेख चुकला."

त्याने नारळ घेतला. बराच वेळ त्याची शेंडी सोलत राहिला.

"माशीचा बरोबर होता मामा," तो म्हणाला. "मी बगितलाय तिला. तशीच करते ती." मग होडीकडे बघून, "दोन खेपा राहिल्यात भावाच्या. त्या झाल्या की येतंय."

निघताना गोदूबाईने मूठभर सुके बोंबील कागदात बांधून दिले. कागद आमच्याच वर्तमानपत्राचा होता, कुठल्या तारखेचा ते मी पाहिलं नाही.

११ ऑक्टोबर

खंडू आला. नाक्यावर मुद्दाम थांबून पान खाल्लं आणि दुकानदाराला सांगितलं, "मामा आलेले न्यायला, दोन बोटी बदलून." दुकानदाराने मला संध्याकाळी तेच जसंच्या तसं ऐकवलं, जणू मी तिथे नव्हतो.

पंप चालू झाला. रात्री बांगडे.

सकाळी मी त्याला म्हटलं, पाड ती भिंत. त्याने नाही म्हणून मान हलवली. तो माझ्या पाटावर बसून बिळांकडे बघत होता. बरीचशी आता लिंपलेली आहेत. ठिपकेवाल्या दोनच उरल्या आहेत, त्यांचे पंख कडेने झिजले आहेत. हेतल मॅडम म्हणाल्या होत्या की उडणाऱ्यांचे दिवस थोडेच असतात. पुढची पिढी भिंतीत निजून असते, आणि लिंपलेल्या खोलीत कोणाचं पोर आहे ते बाहेरून कोणालाच सांगता येत नाही, लिंपणारीलासुद्धा.

मी हे खंडूला सांगितलं.

"म्हंजे आत पोरा हायत," तो म्हणाला. "पट्ट्याची असूंदे नायतर ठिपक्याची. मनीला असा असताना मी भिंत पाडत नाय."

"मग खोली?"

तो जरा घुटमळला. "ह्या बाजूला घेतली तर होईल. पडवीकडं. पण मामा, तुमची खोली मधी येते."

मी लगेच म्हटलं की छान झालं, मला शहरात खोली बघायचीच होती, ऑफिसला जवळ पडेल. तो म्हणाला, "जायाचा कशाला? काम होईस्तोवर ओटीवर झोपा." मी म्हटलं, नाही नाही, अकरा वर्षं म्हणजे तात्पुरत्याला पुष्कळ झाली.

आक्का शेजारीच होती. तांदूळ निवडत होती. निवडलेलेच परत निवडत होती.

१५ ऑक्टोबर

मारुती मंदिराजवळ खोली मिळाली. एका दिवसात. खोल्या मिळणं इतकं सोपं झालं आहे याची मला कल्पना नव्हती.

दुसरा मजला, खाली मोबाईलचं दुकान. भिंती गिलाव्याच्या, गुळगुळीत. माशीने बीळ करावं अशी एक जागा नाही. पुस्तकांच्या दोन ट्रंका खंडूने आणून दिल्या, वर चढवल्या, पंखा तपासला, खिडकीची कडी घट्ट केली. मी म्हटलं, चहा घेऊन जा. चहा कशात करायचा ते माझ्याकडे नव्हतं. तो म्हणाला, "रवूंदे मामा, चिरेवाला यायचा हाय."

खानावळीत सुरमई मिळते. एक तुकडा, दोन्ही बाजूंनी सारखा तळलेला. तक्रार करण्यासारखं काही नाही.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे एकट्याने तेल लावलं. पाठीला हात पोचत नाही.

मनिषाचा फोन आला, "मामा, येताय ना?" मी म्हटलं, बघतो, बातम्या पाठवायच्या आहेत. दिवाळीत तालुक्यात एक बातमी नसते हे ती जाणते. ती म्हणाली, "घरात सिमेंट पडलाय सगळीकडं, तरी या," आणि कोणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

जायला हरकत काहीच नव्हती. एसटी दर तासाला आहे. दोनदा चपला घातल्या. आपल्याच माणसांकडे जायचं तर कोणी येऊन म्हणावं अशी अपेक्षा करणं पोरकटपणाचं आहे, आणि मला ती मुळीच नाही. पण पाय जिन्यापाशी थांबतात. गुडघ्याचं काहीतरी असावं. बुरोंडीच्या प्रवासाने दुखावले असतील.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातो. आम्ही एकाच घरात असल्यामुळे इतकी वर्षं मी आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत जात असे. आज सकाळी ठरवत होतो की दुपारची एसटी धरावी की संध्याकाळची, की आक्काला फोन करून गुडघ्याचं सांगावं.

जिन्यावर पावलं वाजली. खंडू. केसांत सिमेंटची पूड, अंगावर दिवाळीचा नवा शर्ट.

मी खुर्ची पुढे केली. मनात म्हटलं, आला. रीतीप्रमाणे उभा राहिलो, चष्मा नीट केला. नाही म्हटलं तरी बरं वाटत होतं.

"बस, खंडू. काय म्हणतोस? बोलावणं घेऊन आलास?"

"नाय," तो म्हणाला. "बोलवायला नाय आलो. न्यायला आलोय."

आणि त्याने खुर्चीवर न बसता कोपऱ्यातली पहिली ट्रंक उचलून खांद्यावर घेतली.

"अरे, ही कुठे? मी जेवायला येतो, संध्याकाळी परत..."

"मामा, टेंपो खाली उभा हाय. शेजाऱ्याचा मागून आणलाय, दुपारपर्यंत परत द्यायचाय. ती दुसरी धरा एका बाजूनी, नायतर राहूंदे, कंबर दुखंल तुमची." जिन्यावरून खाली जाता जाता म्हणाला, "आमच्या घरातला माणूस भाड्याच्या खोलीत दिवाळी करतो, नाक्यावर मी काय तोंड दाखवू?"

मी दुसरी ट्रंक एका बाजूने धरली. घरमालकाला किल्ली देताना त्याने विचारलं, काही गैरसोय झाली का. म्हटलं, नाही हो, गैरसोय काहीच नव्हती.

गावात पोचलो. नाक्यावर खंडूने टेंपो मुद्दाम हळू घेतला आणि दुकानदाराला हात केला. पडवीकडे चिऱ्याच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या आहेत. खिडक्या दोन आहेत. मधे एक आडवी भिंत धरली आहे. एका बाजूला बाळाची, दुसऱ्या बाजूला जरा लहान. लहानीच्या भिंतीत त्याने आत्ताच फळ्यांसाठी खाचा सोडल्या आहेत, ट्रंकेतल्या पुस्तकांच्या उंचीच्या. विचारलं नाही कोणाला. मापं कधी घेतली कोण जाणे.

मनिषाने माझ्याकडे बघून नुसतं पोटावर हात ठेवला आणि हसली. आक्काने पाट मांडला, रांगोळी घातली, ओवाळलं. डोळे पुसले ते निरांजनाच्या धुराने, असं तिने स्वतःहून सांगितलं.

जेवणं झाल्यावर खंडू टेंपो परत द्यायला गेला. मी ओटीवर अंथरूण घातलं.